एकच अ‍ॅप, अकरा नावं: होस्टनेम बघून वाट कुठे फोडायची?

राजेंद्रनगरकर (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, मी इंदूरचा. भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगची मुलं किती आणि त्यांना जेवू घालणाऱ्या मेस किती, हे इंदुरातल्यांना सांगायला नको. अशा अकरा मेसवाल्यांसाठी मी एक छोटं वेब अ‍ॅप चालवतो. आजचा मेनू, डबा हवा की नको, महिन्याचा हिशेब, बस. जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) लिहिलंय, पुढे एन्जिनएक्स (रिक्वेस्ट घेऊन मागे पोचवणारा वेब सर्व्हर), एकच भाड्याचा सर्व्हर, एकच आयपी.

प्रत्येक मेसला आपलं नाव हवं. म्हणून नऊ जणांना 'अमुक.आमचंडोमेन.इन' असे सबडोमेन दिले आहेत, आणि दोघांनी स्वतःचं डोमेन घेतलंय. शिवाय माझं अ‍ॅडमिन पॅनेल एका वेगळ्या नावावर, मोबाइल अ‍ॅपचा एपीआय (त्याला डेटा देणारा भाग) आणखी एका नावावर.

आत्तापर्यंत दर मेसमागे एन्जिनएक्समध्ये वेगळा सर्व्हर ब्लॉक (एका नावापुरती कॉन्फिग) होता. नवी मेस आली की फाइल कॉपी करा, नाव बदला, रीलोड करा. कंटाळलो. शनिवारी रात्री बसून सगळे ब्लॉक काढले, एकच ठेवला, आणि होस्टनेम (ब्राउझरने मागितलेलं साइटचं नाव) बघून मेस ओळखायचं काम जँगोच्या मिडलवेअरमध्ये (पान बनण्याआधी प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड) नेलं. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्यामुळे सगळं शांत होतं.

आज सकाळी अकरा वाजता एका जैन मेसच्या मालकांचा फोन. त्यांच्या पानावर 'आजची भाजी: अंडा करी'. पुढे काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आता प्रश्न असा: होस्टनेमवरून वाट फोडायची ती एन्जिनएक्समध्ये की अ‍ॅपमध्ये? माझा मिडलवेअरचा निर्णय चुकला का?


भिया_इंदूरी
सोमवार, रात्री ११:३१

अंडा करीत कांदा-लसूण होता का, ते आधी सांगा भिया. त्यावर गुन्ह्याची कलमं ठरतील.


कोडेकर
सोमवार, रात्री ११:४८

माझं मत सरळ आहे. होस्टनेमच्या भानगडीत पडूच नका. पाथ वापरा. आमचंडोमेन.इन/मेस-एक, /मेस-दोन. एक एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, एक डीएनएस नोंद (नावावरून आयपी सांगणारी), डोक्याला ताप नाही.


शुभदा_के
मंगळवार, सकाळी ७:१५

@कोडेकर, गिऱ्हाइकाला 'माझं नाव' हवं असतं. स्लॅशनंतरचं नाव त्याला भाडेकरूसारखं वाटतं. आणि तांत्रिक कारणही आहे. पाथवर सगळ्या मेस ब्राउझरच्या लेखी एकच साइट होतात. एका मेसच्या पानात कुणी खोडसाळ स्क्रिप्ट घुसवली तर ती बाकी दहांच्या पानांना हात लावू शकते. वेगळं होस्टनेम म्हणजे वेगळं ओरिजिन, मधे भिंत.

मात्र ती भिंत आपणच पाडू शकतो. सेशन कुकीला (लॉगिन लक्षात ठेवणारी) डोमेन म्हणून मुख्य डोमेन दिलं, की ती प्रत्येक सबडोमेनकडे जायला लागते. जँगोत सेशन कुकी डोमेनची सेटिंग रिकामी ठेवा. मग कुकी ज्या नावाने दिली त्याच नावाला परत जाते.


तात्या_सर्व्हरवाले
मंगळवार, सकाळी ९:०५

राजेंद्रनगरकर, निर्णय चुकलेला नाही. पण 'एन्जिनएक्स की अ‍ॅप' असा एकच प्रश्न नाहीये, दोन आहेत.

तुमचं अ‍ॅडमिन आणि एपीआय हे वेगळे प्रोग्राम आहेत, किंवा असायला हवेत. त्यांची वाट पुढच्या दारातच फोडा, म्हणजे एन्जिनएक्समध्ये. तिथे आयपीची बंधनं, वेगळे लॉग, वेगळ्या वेळमर्यादा लावता येतात. अकरा मेस मात्र एकाच प्रोग्रामचे अकरा मालक. त्यांची यादी डेटाबेसात आहे. मग तीच यादी कॉन्फिग फाइलमध्ये दुसऱ्यांदा कशाला लिहायची? बारावी मेस आली तर डेटाबेसात एक ओळ टाका आणि चहा प्या.

थोडा इतिहास, कारण नवीन पोरांना हे आभाळातून पडल्यासारखं वाटतं. सुरुवातीच्या एचटीटीपीत ब्राउझर सर्व्हरला फक्त पाथ सांगायचा. कोणत्या नावाने आलो हे सांगायचं बंधनच नव्हतं. त्यामुळे दर साइटला वेगळा आयपी लागे. आयपी पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, ते असे उधळून कसं चालेल? १९९७च्या जानेवारीत एचटीटीपी १.१ आलं आणि होस्ट हे हेडर सक्तीचं झालं. १.१च्या रिक्वेस्टमध्ये होस्ट नसेल तर सर्व्हरने ४०० (चुकीची रिक्वेस्ट) द्यायचा, असा नियमच आहे. तुमच्या अकरा मेस एका आयपीवर नांदतात त्या या एका ओळीच्या जिवावर.


पुणेकर_पण_नम्र
मंगळवार, सकाळी ९:४०

मी हे नवशिक्यांना असं समजावतो: वाडा एक, बिऱ्हाडं अनेक, पोस्टमन पाकिटावरचं नाव बघून पत्र देतो.


तात्या_सर्व्हरवाले
मंगळवार, सकाळी ९:५२

@पुणेकर_पण_नम्र, वाडा छान, पण तुमचं पाकीट बंद आहे. एचटीटीपीएसमध्ये होस्ट हेडर पाकिटाच्या आत असतं आणि ते उघडायच्या आधीच कोणाचं सर्टिफिकेट दाखवायचं हे सर्व्हरला ठरवावं लागतं. म्हणून टीएलएसमध्ये (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) एसएनआय आलं, २००३ साली. ब्राउझर हँडशेकच्या (जोडणी जुळवतानाच्या बोलण्याच्या) पहिल्याच निरोपात नाव उघड सांगतो. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय कळत नसे. त्यामुळे कागदावर सोय असूनही कित्येक वर्षं लोक सुरक्षित साइटला स्वतंत्र आयपीच घेत राहिले.

थोडक्यात, नाव दोनदा सांगितलं जातं. एकदा पाकिटावर, एकदा आत. दोन्ही सारखीच असतील याची हमी कुणी देत नाही.


भिया_इंदूरी
मंगळवार, सकाळी १०:१०

वाडा-पोस्टमन जुनं झालं. इंदुरी उदाहरण घ्या. मंगल कार्यालय एक, हॉल दोन, लग्नं दोन. दारातला माणूस विचारतो, 'कुणाकडचे?' नाव सांगितलं तर बरोबर हॉल. काहीच न बोलता शिरला तर? पहिल्या हॉलमध्ये जेवून, आहेर देऊन येतो आणि घरी आल्यावर कळतं की नवरी दुसरीच होती. माझ्या सख्ख्या काकांनी केलंय हे. आहेर परत मागायला गेले नाहीत, कारण जेवण चांगलं होतं.


केतकी_बडोदा
मंगळवार, सकाळी ११:३०

भियांच्या काकांना दंडवत, पण उदाहरण अगदी चपखल आहे. एन्जिनएक्स नेमकं हेच करतं. आलेलं नाव कुठल्याच ब्लॉकशी जुळलं नाही तर रिक्वेस्ट त्या पोर्टवरच्या डीफॉल्ट सर्व्हरकडे जाते, आणि तुम्ही डीफॉल्ट कुणाला ठरवलं नसेल तर फाइलमधला पहिला ब्लॉक डीफॉल्ट. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्येही पहिलाच व्हर्च्युअल होस्ट. फाइल्स नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे 'अ' अक्षराची फाइल हॉल नंबर एक होऊन बसते.

म्हणून एक रिकामा डीफॉल्ट ब्लॉक मुद्दाम ठेवा. एन्जिनएक्समध्ये तिथून ४४४ परत करा. हा खरा एचटीटीपी कोड नाही, त्याचा अर्थ 'उत्तर न देता फोन ठेव'. एचटीटीपीएससाठी १.१९.४ आवृत्तीपासून हँडशेकच नाकारायची सोय आहे. आयपीवरून चाचपडत येणारे बॉट दारातूनच परत जातात.

जुळणीचा क्रमही लक्षात ठेवा: आधी तंतोतंत नाव, मग पुढे तारा (*, म्हणजे तिथे काहीही चालेल) असलेलं सगळ्यात लांब नाव, मग मागे तारा असलेलं, आणि शेवटी रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं फाइलमध्ये पहिलं जुळेल ते. अ‍ॅडमिनचं नाव तंतोतंत लिहिलंत तर ताऱ्यावाल्या ब्लॉकला घाबरायचं कारण नाही.


कोडेकर
मंगळवार, दुपारी १२:०२

हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. पाथ.


शुभदा_के
मंगळवार, दुपारी १२:१०

😄


निनावी_नाही
मंगळवार, दुपारी १:२५

धागाकर्त्यांनी अ‍ॅपमध्ये होस्ट कसा वाचलाय ते सांगावं. हे हेडर शेवटी बाहेरचा माणूस पाठवतो, त्यात तो काहीही लिहू शकतो. 'पासवर्ड विसरलो'च्या मेलमधली लिंक जर आलेल्या होस्टवरून बनत असेल तर हल्लेखोर खोटा होस्ट लावून तुमच्या नावाने रिक्वेस्ट टाकतो, मेल खऱ्या माणसाला जाते, लिंक मात्र हल्लेखोराच्या डोमेनची. माणसाने क्लिक केलं की टोकन गेलं. जँगोने २०१३ साली अलाउड होस्ट्स (चालणाऱ्या नावांची यादी) आणलं ते याच्यासाठीच. तिथे नुसता तारा टाकून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही त्यातले नसावेत अशी आशा.


राजेंद्रनगरकर
मंगळवार, दुपारी २:४०

त्यातलाच होतो. 🙈 दोन मेसची स्वतःची डोमेन, उद्या तिसरी येणार, म्हणून तारा टाकला होता. आता काढला. आता मिडलवेअर डेटाबेसात नाव शोधतं, सापडलं नाही तर ४०४.

पण मंडळी, अंडा करी त्यामुळे आलेली नाही. लॉग पाहिले. अ‍ॅपला होस्ट बरोबर येतोय. प्रॉक्सीत, म्हणजे एन्जिनएक्समध्ये, होस्ट हेडर पुढे पाठवायची ओळ आहे. लोकलला (माझ्या मशीनवर) अकराही नावं हाताने टाकून पाहिली, प्रत्येक मेसचा मेनू बरोबर येतो. सर्व्हरवर मात्र मधूनच चुकीचा येतो आणि थोड्या वेळाने आपोआप बरोबर होतो. आज सकाळी परत झालं. या वेळी जैन मेसवर शेव-टमाटर आली. त्यांनी 'आज तरी शाकाहारी आहे' एवढंच म्हटलं.


तात्या_सर्व्हरवाले
मंगळवार, दुपारी २:५५

लोकलला कसं टाकून पाहिलंत?


राजेंद्रनगरकर
मंगळवार, दुपारी ३:०४

होस्ट्स फाइलमध्ये अकरा ओळी लिहिल्या, १२७.०.०.१ कडे (म्हणजे स्वतःच्याच मशीनकडे). तिथे तारा चालत नाही, म्हणून हाताने. मग जँगोचा रनसर्व्हर (चाचणीपुरता सर्व्हर). आणि खऱ्या सर्व्हरवर कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन), वेगळं होस्ट हेडर लावून.


केतकी_बडोदा
मंगळवार, दुपारी ३:२०

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता) दोन गोष्टी. एक, क्रोममध्ये 'काहीही.लोकलहोस्ट' हे आपसूक स्वतःच्या मशीनकडेच जातं, अकरा ओळींची गरज नाही. दोन, कर्लला नुसतं होस्ट हेडर बदलून दिलं तर एसएनआय बदलत नाही, ते यूआरएलमधल्या नावाचंच जातं. तात्यांच्या भाषेत पाकिटावर एक नाव, आत दुसरं. त्यापेक्षा कर्लचा रिझॉल्व्ह हा पर्याय वापरा. नाव, पोर्ट आणि आयपी दिले की दोन्हीकडे तेच नाव जातं.


गराडूप्रेमी
मंगळवार, दुपारी ४:००

अवांतर: आमच्या एका गिऱ्हाइकाला देवनागरी डोमेन हवं होतं, 'भारत'वालं. २०१४ पासून ते मिळतं आणि त्यात मराठीही चालते. म्हटलं घ्या. घोळ असा की पाटीवर 'इंदूर' लिहायचं की 'इंदौर', यावर बापलेकात आठवडाभर भांडण. बाप मराठी शाळेतला, मुलगा हिंदी. संगणकाच्या दृष्टीने ती दोन पूर्ण वेगळी डोमेन. शेवटी दोन्ही घेतली.

आता यात होस्टनेमचा मुद्दा: ब्राउझर देवनागरी नाव जसंच्या तसं पाठवत नाही. ते प्युनिकोडमध्ये बदलून, पुढे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघा लावून पाठवतो. माझ्या डेटाबेसात सुंदर देवनागरी नाव, आणि रिक्वेस्टमध्ये ते अगम्य प्रकरण. अर्धा दिवस 'मेस सापडली नाही' येत होतं. डेटाबेसात प्युनिकोड रूपच साठवा, दाखवताना देवनागरी करा.

आणि दोन नावं असतील तर एक मुख्य ठरवून दुसऱ्यावरून ३०१ने (पत्ता कायमचा बदलल्याचा कोड) तिकडे पाठवा. आमच्याकडे 'इंदूर' मुख्य झालं. घरात कोण जिंकलं ते कळलं असेलच.


भिया_इंदूरी
मंगळवार, दुपारी ४:०६

आई.


रेल्वेरूळ
मंगळवार, संध्याकाळी ५:४५

गराडूप्रेमींसारखाच माझा अनुभव, रेल्सचा (रुबीचं वेब फ्रेमवर्क). सबडोमेन काढून देणारी फ्रेमवर्कची सोय गृहीत धरते की शेवटचा एक तुकडा म्हणजे टीएलडी (कॉम, इनसारखी शेपटी). 'अमुक.दुकान.कॉम'ला बरोबर. 'अमुक.दुकान.को.इन' आलं की ती 'दुकान'लाही सबडोमेनमध्ये धरते. टीएलडीची लांबी २ करावी लागते. आणि काही गिऱ्हाइकं कॉमवर, काही को.इनवर असली तर तेही पुरत नाही. तेव्हापासून मी नाव तोडतच नाही. अख्खं होस्टनेम घेतो, पोर्ट काढतो, लहान अक्षरांत करतो आणि तसंच टेबलात शोधतो. होस्टनेममध्ये लहान-मोठ्या अक्षरांत फरक नसतो, तुमच्या डेटाबेसला मात्र तो वाटू शकतो.


शुभदा_के
मंगळवार, रात्री ८:३०

सर्टिफिकेटबद्दल कुणीच बोललं नाही. ताऱ्याचं सर्टिफिकेट एकाच पायरीला लागू होतं. 'अमुक.आमचंडोमेन.इन' चालेल, 'हिशेब.अमुक.आमचंडोमेन.इन' नाही, आणि नुसतं 'आमचंडोमेन.इन'ही त्यात येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) ताऱ्याचं सर्टिफिकेट मार्च २०१८पासून देतं, पण त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद करून मालकी सिद्ध करावी लागते, सर्व्हरवर फाइल ठेवून भागत नाही. स्वतःचं डोमेन घेतलेल्या दोन मेसना आपापलं सर्टिफिकेट, आणि त्यांचं डीएनएस तुमच्याकडे वळल्यावरच.

अजून एक. अ‍ॅडमिनचं नाव अवघड ठेवलं की ते गुपित राहतं असं समजू नका. दिलेल्या सर्टिफिकेटांच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यात नावं कुणीही वाचतं. ताऱ्याच्या सर्टिफिकेटात निदान फक्त तारा दिसतो.


निनावी_नाही
मंगळवार, रात्री ९:१०

धागाकर्ते, 'थोड्या वेळाने आपोआप बरोबर होतं' म्हणजे नेमकं किती वेळाने? आणि चुकीचा मेनू नेहमी कोणत्या मेसचा असतो?


राजेंद्रनगरकर
मंगळवार, रात्री ९:३५

पाचेक मिनिटांनी. आणि मेनू... थांबा. दोन्ही वेळा त्याच मेसचा होता. माझी सगळ्यात मोठी मेस, जिथे अकरा वाजता मुलं सगळ्यात आधी तुटून पडतात.


निनावी_नाही
मंगळवार, रात्री ९:३८

शनिवारी रात्री एन्जिनएक्समध्ये कॅशे (पान साठवून काही वेळ तेच देत राहणं) चालू केलात का? खरं सांगा.


राजेंद्रनगरकर
मंगळवार, रात्री ९:४१

...हो. मेनूचं पान दिवसातून एकदाच बदलतं, म्हणून जाता जाता पाच मिनिटांची प्रॉक्सी कॅशे लावली होती. इतकी किरकोळ गोष्ट वाटली की पहिल्या पोस्टमध्ये लिहिलीही नाही.


तात्या_सर्व्हरवाले
मंगळवार, रात्री ९:५०

सापडली अंडा करी!

एन्जिनएक्सची कॅशेची किल्ली (साठवलेलं पान शोधायची खूण) तुम्ही ठरवून दिली नाही तर ती स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), प्रॉक्सी होस्ट आणि पाथ यांची बनते. प्रॉक्सी होस्ट म्हणजे ब्राउझरने मागितलेलं नाव नव्हे. प्रॉक्सीपासच्या ओळीत तुम्ही मागच्या सर्व्हरचं जे नाव लिहिलंय ते. तुमच्याकडे ते १२७.०.०.१:८००० असणार, अकराही मेससाठी तेच. म्हणजे अकरा जणांच्या '/मेनू'ची किल्ली एकच. पाच मिनिटांत जो पहिला येईल त्याचं पान सगळ्यांना. पूर्वी प्रत्येक मेसला वेगळा ब्लॉक होता तेव्हा कॅशेच नव्हती, म्हणून दिसलं नाही. आणि लोकलला रनसर्व्हर, म्हणजे मधे एन्जिनएक्सच नाही. तिथे कसं सापडणार?

किल्लीत होस्ट घाला, जुनी कॅशेची फोल्डर रिकामी करा. मात्र केतकीताईंचा रिकामा डीफॉल्ट ब्लॉक आधी लावा. नाहीतर कुणीही वाट्टेल ती नावं पाठवून कॅशेत कचरा भरेल. 'होस्ट' हे व्हेरिएबल घ्या, 'एचटीटीपी होस्ट' नको. पहिल्यात एन्जिनएक्स पोर्ट काढून लहान अक्षरं करून देतं, दुसरं जसं आलं तसं.


पुणेकर_पण_नम्र
मंगळवार, रात्री १०:०२

म्हणजे पोस्टमनने पत्र बरोबर दिलं, पण वाड्याच्या दारात बसलेल्या काकूंनी मधेच थांबवून दुसऱ्याचं पत्र हातात दिलं.


भिया_इंदूरी
मंगळवार, रात्री १०:०५

वाड्यात अशा काकू असतातच.


रेल्वेरूळ
मंगळवार, रात्री १०:३०

एकदा हात घातलाच आहे तर जँगोच्या आतली कॅशेही बघा. अख्ख्या पानाची कॅशे पूर्ण यूआरएलवरून किल्ली बनवते, त्यात होस्ट येतो. पण तुम्ही स्वतः कुठे 'आजचा_मेनू' अशी किल्ली देऊन काही साठवलं असेल तर तिथे मेसचं नाव नाही. टेम्पलेटच्या तुकड्याच्या कॅशेचंही तेच.


राजेंद्रनगरकर
बुधवार, दुपारी १२:१५

रेल्वेरूळ, तुम्ही माझा कोड चोरून वाचता का? किल्लीचं नाव शब्दशः तेच होतं. 'आजचा_मेनू'. साठ सेकंदांसाठी. म्हणजे एन्जिनएक्सचं दुरुस्त करून झोपलो असतो तरी आज पुन्हा फोन आला असता.

केलेली कामं: एन्जिनएक्सच्या किल्लीत होस्ट, जँगोच्या किल्लीत मेसचा आयडी, रिकामा डीफॉल्ट ब्लॉक, अ‍ॅडमिन आणि एपीआयला तंतोतंत नावाचे वेगळे ब्लॉक, कुकी डोमेन रिकामं. मेस ओळखणं अ‍ॅपमध्येच ठेवलंय. खऱ्या सर्व्हरवर अकरा नावांनी रिझॉल्व्ह लावून लागोपाठ मेनू मागणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, दोन फेऱ्या, दुसरी फेरी मुद्दाम कॅशेतून यावी म्हणून. अकराच्या अकरा बरोबर. आज अकरा वाजता फोन आला नाही.


कोडेकर
बुधवार, दुपारी १२:४०

मान्य, पाथ असता तर किल्लीत मेसचं नाव आपोआप आलं असतं एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.


तात्या_सर्व्हरवाले
बुधवार, दुपारी १२:४४

@कोडेकर, 'आजचा_मेनू'त आलं असतं का?


कोडेकर
बुधवार, दुपारी १२:५१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


गराडूप्रेमी
बुधवार, दुपारी १:३०

वाखु (वाचनखूण) साठवली. जैन मेसचे मालक शांत झाले का?


राजेंद्रनगरकर
बुधवार, दुपारी २:०५

झाले. फक्त त्यांना आता सबडोमेन नको, स्वतःचं डोमेन हवंय. 'त्या अंडेवाल्याच्या शेजारी आमचं नाव नको.' एकाच सर्व्हरवर राहणार हे सांगितलेलं नाही. शुभदाताई, त्यांचं सर्टिफिकेट काढताना डीएनएस त्यांच्या पुतण्याच्या ताब्यात आहे आणि पुतण्या परीक्षेमुळे फोन उचलत नाही. यावर काही तांत्रिक उपाय?


शुभदा_के
बुधवार, दुपारी २:२०

डबा घेऊन जा त्याच्याकडे.